डाळिंबाच्या साली आणि अल्कोहोलचं रजिस्टर

निव्वळ अल्कोहोल घेऊन सॉक्सलेटवर (तेच अल्कोहोल उकळून पुन्हा पुन्हा सालीवरून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणावर) आठ तास चालवलं की डाळिंबाच्या सालीतलं एकूण एक पॉलिफेनॉल उतरतं, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. सालीतली टॅनिन्स, म्हणजे तुरट चवीची पॉलिफेनॉल्स, पाण्याचीही सोबत मागतात. निम्मं पाणी, निम्मं अल्कोहोल घेतलं तर निव्वळ अल्कोहोलपेक्षा जास्त माल निघतो. आणि वेळ वाढवून फायदा नाही. फार उकळलं की प्युनिकॅलॅजिन, म्हणजे सालीतलं मुख्य टॅनिन, फुटून त्याचं एलॅजिक आम्ल होतं. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, गार झालं की तळाशी गाळ.

सहसा कुणी न मांडलेली अडचण म्हणजे अल्कोहोल मिळणं. मी एमएस्सीचा प्रोजेक्ट बडोद्यात केला. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे प्रयोगशाळेतली बाटलीसुद्धा कुलपात आणि मिलिलिटरचा हिशेब रजिस्टरात. (घरी सगळ्यांना याचंच हसू!) शेवटी कंटाळून साध्या पाण्यावर आलो. साठेक अंश तापमान, अर्धा तास, गाळून पुन्हा ताजं पाणी. एकदाच लांबवण्यापेक्षा असं दोनदा केलेलं आम्हाला बरं पडलं.

साली खंडेराव मार्केटजवळच्या ज्यूसवाल्यांकडून फुकट मिळायच्या. पहिली खेप पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर तशीच राहिली, सकाळी बुरशी. आत्या म्हणाली, "अरे, आमच्याकडे पोटाच्या काढ्यासाठी साली सुपात पसरून सावलीत वाळवतात, एवढं तरी विचारायचंस." पुढच्या सगळ्या खेपा तिच्याच सुपात वाळल्या.