मदत हवी आहे: इम्प्लिसिट डिफरन्सिएशन, दोन उत्तरं येताहेत

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचं बारावी सायन्स आहे, तिला डेरिव्हेटिव्ह शिकवतोय आणि एका गणितावर दोघंही अडकलोय. गणित असं: एक्सचा वाय घात = ई चा (एक्स वजा वाय) घात, तर डीवाय बाय डीएक्स काढा.

दोन्हीकडे लॉग घेतला, वाय गुणिले लॉग एक्स = एक्स वजा वाय, इथपर्यंत ठीक. मग मी तसंच डिफरन्शिएट केलं, डावीकडे प्रॉडक्ट रूल, आणि उत्तर आलं (एक्स वजा वाय) भागिले [एक्स गुणिले (१ + लॉग एक्स)]. पुस्तकात मात्र लॉग एक्स भागिले (१ + लॉग एक्स) चा वर्ग दिलंय, त्यात वाय नाहीच! एक्स = १ घातलं तर दोन्हीकडून ० येतं, एक्स = ई घातलं तर दोन्हीकडून पाव, म्हणजे चूक नसावी, पण फक्त दोन किमती जुळल्या म्हणून उत्तर बरोबर असं तिला कसं सांगू? दोन्ही एकच आहेत हे नीट कसं दाखवायचं आणि पेपरात वाय ठेवून लिहिलं तर मार्क जातील का?

अजून एक, ती सुरुवातीला एक्सच्या वाय घाताला थेट पॉवर रूल लावत होती, वाय पुढे आणि घात एकने कमी. मी म्हटलं घातातच वाय आहे आणि तो एक्सबरोबर बदलतो म्हणून चालत नाही, पण तिला ते पटलेलं दिसत नाही. कोणी शिकवणारे असाल तर साध्या शब्दात सांगा ना, खूप मनापासून करतेय ती.