टीएमटी पॉझिटिव्ह आली, पुढची तपासणी कोणती?

मुसाफिर: बायको, वय ४७. बीपीची गोळी चालू, डायबेटिस नाही. जिना चढताना कधी छातीत दडपल्यासारखं होतं, कधी काहीच नाही. टीएमटी केली, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. ब्रूस प्रोटोकॉलवर (टप्प्याटप्प्याने श्रम वाढवायची ठरलेली पद्धत) ९ मिनिटं चालली, दमली म्हणून थांबवलं. पट्ट्यावर दुखलं नाही. रिपोर्टमध्ये 'व्ही५, व्ही६ मध्ये १.५ मिमी हॉरिझाँटल एसटी डिप्रेशन, पॉझिटिव्ह'. म्हणजे छातीच्या डाव्या बाजूच्या दोन जागी ईसीजीची रेघ खाली दबली, हृदयाला रक्त कमी पडत असल्याचा संशय. अँजिओग्राफी नको असं ती ठाम सांगते, खर्चही बेतात हवा. तुम्ही पुढे काय केलंत?

खडूसकाका: सरळ अँजिओ करा. माझी मनगटातून केली, दुसऱ्या दिवशी कामावर.

मुसाफिर: काका, ती नको असं वर लिहिलंय हो.

खडूसकाका: वाचलं. तरी करा.

रातराणी: माझीही पॉझिटिव्ह होती. दोन महिने झोप नाही, सीटी अँजिओत (डाय टोचून हृदयाच्या नळ्यांचा सीटी स्कॅन) नळ्या स्वच्छ! बायकांमध्ये खोटी पॉझिटिव्ह जास्त येते हे आधी कुणी सांगेल तर शपथ. सीटीच करा.

बिनधास्त: टीएमटी म्हणजे शुद्ध टाइमपास. मेव्हणा १२ मिनिटं पळाला, रिपोर्ट नॉर्मल, चार महिन्यांत अटॅक.

ईसीजीवाली: रोज त्याच खोलीत उभी असते, म्हणून लिहिते. पट्टा दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतो. तेवढ्या श्रमाला हृदयाला रक्त कमी पडलं की ईसीजी बदलतो, म्हणजे नळी बरीच अरुंद हवी. नळी ३०-४० टक्केच अडवणारी चरबीची गाठ त्यात दिसत नाही, आणि नेमकी तीच फुटून अटॅक येऊ शकतो. मेव्हण्यांचा रिपोर्ट चुकीचा असेलच असं नाही.

मुसाफिर, ड्यूक स्कोअर काढा, टीएमटीवरून धोका किती ते सांगणारा आकडा. मिनिटांतून एसटीचे मिमी गुणिले ५ वजा. दुखलं असतं तर आणखी ४, दुखण्यामुळे थांबवावं लागलं असतं तर ८. तुमचे ९ वजा ७.५, म्हणजे १.५. पाच किंवा वर कमी धोका, उणे ११ किंवा खाली जास्त. तुम्ही मधल्या गटात. बसल्या जागी काढलेला ईसीजी कसा होता? बीपीने हृदयाची भिंत जाड झाली असेल तर एसटीवर फार विसंबू नये. मीही सीटीच म्हणेन. स्ट्रेस इकोही असते, श्रमानंतर लगेच हृदयाची सोनोग्राफी.

रातराणी: +१, सीटी.

बिनधास्त: माझे ठोके १६५ पर्यंत गेले होते, ५८ व्या वर्षी! टेक्निशियन बघतच राहिला.

खडूसकाका: कमाल ठोके २२० वजा वय, ५८ ला १६२. मशीन बिघडलेलं असणार.

बिनधास्त: तो आकडा सरासरी आहे काका, कायदा नाही.

ईसीजीवाली: बरोबर. शिवाय त्या आकड्याच्या ८५ टक्के गाठले की तपासणी पुरेशी धरतात. ४७ ला साधारण १४७.

निवांत: छातीवरचे केस काढतात का? पुढच्या आठवड्यात माझी आहे.

ईसीजीवाली: हो. इलेक्ट्रोड नीट चिकटले नाहीत तर रेघ थरथरते आणि नसलेलं डिप्रेशन दिसतं. दांडा घट्ट धरून चालू नका, मिनिटं फुकटची वाढतात. आणि बीटा ब्लॉकर (ठोके कमी ठेवणारी गोळी) घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

मुसाफिर: ठोके १५१ गेले होते. आधीचा ईसीजी नॉर्मल आहे.

ईसीजीवाली: मग या एसटीला थोडं वजन आहे. काम न करता दडपलं किंवा दुखणं वाढत गेलं तर धाग्याची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.

मुसाफिर: कार्डिओलॉजिस्टना भेटलो. स्ट्रेस इको ठरली. पट्ट्यावरून उतरताच सोनोग्राफीत हृदयाची भिंत नीट हलते का बघणार. ते सीटीला जास्त अनुकूल होते, इकोलाही हरकत नाही म्हणाले. बायकोला डायचं इंजेक्शन नको, आणि ९ मिनिटांत सोडलं याचा तिला अजून राग आहे.

रातराणी: सीटी केली असती तर एका दमात मोकळे झाला असता.

खडूसकाका: शेवटी अँजिओच करणार तुम्ही, लिहून ठेवा.