कोस्टा रिका: स्टेअरिंग हातात घ्यावं की मागे बसून जंगल बघावं?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेव्हणी आणि साडू, मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला जाऊन आलो. बारा दिवस, भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह, चालक मीच. परत आल्यापासून सोसायटीच्या कट्ट्यावर वाद पेटलाय, तोच इथे आणतो. माझं म्हणणं साधं आहे: त्या देशात टूरच्या बसने जाणं म्हणजे आंबा सालासकट चाटून परत ठेवणं.

देश केवढा? ५१,१०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे सहा तुकडे केले तर त्यातला एक. एकीकडे पॅसिफिक, दुसरीकडे कॅरिबियन, मधे डोंगर आणि ज्वालामुखी. राजधानी सॅन होजेहून निघालात की तीनेक तासांत ला फोर्तुना, समोर आरेनाल. हा ज्वालामुखी १९६८ साली फुटला, २०१० पर्यंत धुमसत होता, आता गप्प बसलाय. तिथून मोंतेवेर्देचं ढगात बुडालेलं जंगल, मग खाली उतरून मानुएल आंतोनियो, जिथे माकडं थेट वाळूत येऊन तुमची पिशवी तपासतात.

टूरवाले काय करणार? सकाळी सात म्हणजे सात, आणि वाटेत काही दिसलं तरी "पुढे उशीर होतोय". आम्ही तार्कोलेस नदीच्या पुलाअलीकडे गाडी लावली आणि चालत पुलावर गेलो. खाली गाळात मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या. दिवस कलायला लागला तसे कारारा उद्यानातून लाल मकाव, म्हणजे लांब शेपटीचे मोठे पोपट, जोडीजोडीने खारफुटीकडे निघाले, कर्कश्श ओरडत. तासभर तिथेच होतो. एकाही माणसाने घड्याळ दाखवलं नाही. ही मोकळीक विकत मिळत नाही, ती फक्त स्वतःच्या गाडीत असते.

घाला वाद.

कोपरीकर

मगरी बघायला दोन विमानं बदलून गेलात? पवई तलावात आहेत की. आमच्याकडून रिक्षाने जाता येतं.

येऊरचा_वानर

असहमत. आणि विनोद म्हणून नाही, मनापासून.

तुमचा सगळा धागा गाडीबद्दल आहे, जंगलाबद्दल दोन ओळी आहेत. मी वीसेक वर्षं येऊरला, ठाण्याजवळच्या जंगलात, पक्षी बघायला जातोय. पहिली पाच वर्षं मला स्वर्गीय नर्तक सोडून काही दिसलं नाही, कारण मला बघताच येत नव्हतं. पाड्यावरचा एक म्हातारा बरोबर यायला लागला तेव्हा त्याच झाडांमधून घुबडं बाहेर पडली. वर्षावनात तर हे दसपट. पानं इतकी दाट की तीस फुटांवरचा प्राणी दिसत नाही, तो आधी ऐकू यावा लागतो. काचा वर, एसी चालू, वर मॅपवाली बाई बोलतेय: काय ऐकणार?

आणखी एक. कोर्कोवादो हे तिथलं सगळ्यात अस्सल जंगल, टॅपिर, म्हणजे छोट्या सोंडेचा डुकरासारखा प्राणी, बघायचा तर तिथे. तिथे २०१४ पासून गाईडशिवाय पाऊलच टाकू देत नाहीत. तोर्तुगेरोला, जिथे जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं अंडी घालायला येतात, रस्ताच जात नाही. ला पावोनाला गाडी लावायची आणि पुढे होडी. म्हणजे ज्यासाठी जायचं ती दोन्ही ठिकाणं तुमच्या फोर व्हील ड्राइव्हला बंद. मोकळीक कसली मग? डांबर असेल तिथवरची.

खरं सांगा, स्लॉथ, तो झाडाला लटकून राहणारा आळशी प्राणी, तुम्हाला कोणी दाखवला?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

@येऊरचा_वानर, गाईडनेच दाखवला, कबूल. उद्यानाच्या फाटकापाशी त्याला घेतला, तीन तास. त्याने तिपाईवरची दुर्बीण एका फांदीवर रोखली आणि म्हणाला, बघा. मला वाटलं नारळाच्या किशीचा गोळा अडकलाय. गोळ्याने मान वळवली.

पण गाईड जंगलात घ्यायचा आणि जंगलापर्यंत स्वतः जायचं, यात अडचण काय? त्याला मी दिवसाचे पैसे दिले, ते थेट गावात राहिले. बसवाल्यांच्या टूरमध्ये त्यातले किती राहतात?

मागच्या_सीटवरून

नमस्कार. मी धागाकर्त्याचा साडू. बायको म्हणाली, सगळे एकच बाजू ऐकतायत, तूही लिही. तर धाग्यात गाळलेला मजकूर पुरवतो.

१. तिथे रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवतात. स्टेअरिंग डावीकडे, इंडिकेटरची दांडीही डाव्या हाताला. आमचा चालक सव्वीस वर्षं मारुती चालवलेला. बारा दिवस प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरत होते. लोकांना वाटलं असेल आम्ही नमस्कार करतोय.

२. आरेनाल ते मोंतेवेर्दे नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं. मधे तळं आहे. गाडीने तळ्याला वळसा घालून साडेतीन तासांच्या वर गेले, शेवटचा भाग खडी आणि खड्डे. बस-होडी-बस अशी सोय आहे, ती थेट तळं ओलांडून नेते. आम्ही घेतली नाही, कारण मोकळीक.

३. वेबसाइटवर गाडीचं दिवसाचं भाडं आपल्या जेवणाच्या बिलाएवढं दिसलं म्हणून सगळे खूश. काउंटरवर कळलं की तिथला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो त्या आकड्यात धरलेला नव्हता. वर क्रेडिट कार्डावर अनामत अडकवली. कंपनीचं नाव घेत नाही, पण आधी पूर्ण आकडा विचारा, लेखी.

४. मानुएल आंतोनियोला आम्ही पोचलो मंगळवारी. मंगळवारी ते उद्यान बंद असतं. तिकीटही फक्त ऑनलाइन, वेळ ठरवून घ्यावं लागतं. बसच्या टूरवाल्याला हे झोपेतही माहीत असतं. आम्ही दिवसभर हॉटेलच्या गच्चीवर.

५. आणि हे महत्त्वाचं. मोंतेवेर्देच्या वाटेवर एक टूकान आमच्यासमोरून उडाला, ती पिवळी-काळी केवढी चोच. तिघांनी पाहिला. चौथ्याचं लक्ष खड्ड्यावर होतं. बायका अजून त्याला "तुला आठवतो का रे तो टूकान" विचारतात.

मीटरडाऊन_कळवा

लांबच्या भाड्याचं काम करतो, इनोव्हा आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवतो.

घाटात सेल्फ ड्राइव्हच्या काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की मी अंतर ठेवतो. आंबोली उतरताना पोरं चौथ्या गिअरला, पाय ब्रेकवर रोवून. खाली पोचेपर्यंत लायनिंगचा वास. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, एवढं कोणी सांगत नाही गाडी देताना. दुसऱ्याच्या देशात, उलट्या बाजूने, अंधारात तर नकोच. तिथे म्हणे वर्षभर सहाच्या आसपास काळोख होतो.

पण जे "ड्रायव्हर घेऊन जा, आरामात बघा" म्हणतात त्यांनाही एक विचारतो. ड्रायव्हर झोपतो कुठे? रिसॉर्टच्या खोल्यांचं दोन महिने आधी बुकिंग होतं, ड्रायव्हरचं कोणी बघत नाही. तारकर्लीला तीन रात्री गाडीत काढल्यात, सीट पाडून, डास मारत. सकाळी पाहुणे म्हणतात, लवकर निघू या, डॉल्फिन दिसतात. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हाती तुमची पोरंबाळं असतात. त्यापेक्षा तुम्हीच चालवा, खड्ड्यात गेलात तर निदान जागे असाल.

घोडबंदरकर (धागाकर्ता)

@मीटरडाऊन, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. अंधाराचं बरोबर आहे, पावणेसहाला सूर्य गेला की आम्ही गाडी हॉटेलात लावायचो. त्याला कारण एकपदरी पूलही. पूल अरुंद, एका बाजूला "सेदा एल पासो" अशी पाटी, म्हणजे तुम्ही थांबा, समोरच्याला जाऊ द्या. लोक खरंच थांबतात. मी पहिल्यांदा थांबलो तेव्हा मागच्याने हॉर्न मारला नाही, मला चुकल्यासारखं झालं.

@मागच्या_सीटवरून, तू घरी ये.

तळ्याकाठची (नेरूळ)

सगळे गाडी कोणी चालवायची यावर भांडताय. मला तर जाण्यावरच शंका आहे.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते. आमच्या इथे डीपीएस तळ्यावर हजारोंनी उतरतात, आणि दरवर्षी आम्ही काही जण पाण्याची वाट बुजली की उकरा म्हणून अर्ज करत फिरतो. त्या अर्जावर सही करायला सोसायटीतून सहा माणसं मिळत नाहीत, आणि "वाइल्डलाइफ व्हेकेशन"चे फोटो शंभर जणांचे. अर्धं जग ओलांडून विमानाने धूर सोडायचा आणि तिथल्या हिरव्या झाडाखाली उभं राहून निसर्गावर प्रेम जाहीर करायचं, हे मला पचत नाही. जळजळ म्हणा हवं तर.

घोडबंदरकर (धागाकर्ता)

@तळ्याकाठची, सही मी करतो, अर्ज पाठवा. थट्टा नाही.

पण तिथे जाऊन मी काय शिकलो ते ऐका. १९८०च्या दशकात कोस्टा रिकाचं जंगल तोडून तोडून देशाच्या पाव हिश्श्यावर आलं होतं. बहुतेक गुरांच्या कुरणांसाठी. आज ते निम्म्याहून जास्त आहे. १९९६ साली त्यांनी वनकायदा केला, पुढच्या वर्षीपासून ज्याच्या जमिनीवर जंगल उभं आहे त्याला ते राखल्याबद्दल सरकार पैसे देऊ लागलं. पैसा कुठून? बराचसा इंधनावरच्या करातून. म्हणजे पंपावर मी टाकी भरली तेव्हा त्यातले काही कोलोन (तिथलं चलन) कुठल्यातरी शेतकऱ्याला झाड न तोडण्यासाठी गेले. आपल्याकडे पेट्रोलवर कर कमी आहे का? येऊरच्या पाड्यावर त्यातला एक रुपया पोचतो का?

येऊरचा_वानर

योजना उत्तम, तिचं कौतुक करतोच. पण "मी पेट्रोल जाळलं म्हणून जंगल वाचलं" हा हिशोब ऐकून माझ्या शेजारचा सिगरेट ओढणारा आठवला. तोही म्हणतो, करातून सरकार चालतं.

पनवेलनंतर_सगळं_कोकण

धागाकर्त्यांच्या बाजूने, पण देश बदलून. स्वतःची गाडी हवीच, फक्त ती एमएच-०४ची, म्हणजे ठाण्याच्या पाटीची हवी.

मार्चमध्ये वेळासला गेलो, मंडणगड तालुका. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरुवात केली, मग गाव पुढे झालं. राहायचं गावातल्या घरात, पानात मोदक, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर घरट्यावरची टोपली उचलतात आणि तळहाताएवढं पिल्लू समुद्राची वाट धरतं. एसटी जाते, पण पिल्लं तुमच्या वेळेला बाहेर येत नाहीत. आम्हाला पहिल्या दिवशी एकही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही, संध्याकाळी सोळा. गाडी स्वतःची होती म्हणून थांबलो. बसवाली मंडळी दुपारीच गेली होती, हळहळत. मोकळीक म्हणतात ती ही.

पावसाळ्यात आंबोली. तिथेही वर्षावनच म्हणा, बेडूक बघायला लोक देशभरातून येतात. फक्त रात्री गाडी हळू हाका. रस्त्यावर चिरडलेले बेडूक आणि साप मी मोजायचं सोडून दिलंय. तिथे मात्र मी वानररावांशी सहमत, गाडी लांब लावा आणि टॉर्च घेऊन चाला.

कोपरीकर

मुंबई-गोवा हायवेचं नाव न घेता कोकणात गाडीने जायचं कौतुक केल्याबद्दल आपला जाहीर सत्कार.

पनवेलनंतर_सगळं_कोकण

त्या हायवेसमोर मोंतेवेर्देची खडी म्हणजे मरीन ड्राइव्ह असणार, माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, इथे चालवलेल्याला तिकडे भीती नाही.

सानपाडा_७_२२

बाळबोध प्रश्न. वाद चालू द्या, पण मला खरंच जायचंय, पुढच्या जानेवारीत. व्हिसा, लायसन्स आणि भाषा याचं काय? स्पॅनिश येत नाही, रस्ता चुकले तर विचारू कसं?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

जानेवारी उत्तम, कोरडा मोसम. डिसेंबर ते एप्रिल धरा, मेपासून पाऊस. व्हिसा लागतो, पण आमच्याकडे अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा होता, त्यावर वेगळा लागला नाही. तुमचं तुम्ही दूतावासाकडून पक्कं करा. आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या, वर्षभर चालतं. किनाऱ्यावर गाडीत काही म्हणजे काही ठेवू नका, काच फोडून नेतात.

रस्ता विचारण्याची गंमत अशी की पत्ता असतोच असा: "चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला, निळं घर." १०० मीटर म्हणजे खरे मीटर नव्हेत, एक गल्ली. सॅन होजेजवळ सान पेद्रोला लोक अजून "जुन्या अंजिराच्या झाडापासून" असं सांगतात. ते झाड कधीच गेलंय.

मीटरडाऊन_कळवा

मग सोपं आहे. ठाण्यात गोल्डन डाईज नाक्यावर, जिथला कारखाना गेला पण नाव राहिलं, भाडं सोडणाऱ्याला काय अवघड.