शत्रूवर प्रीती करायची म्हणजे नुसता मार खायचा का?

प्रश्न (शोधयात्री):
आमच्या बायबल अभ्यासात मत्तय ५ चालू आहे. दुसरा गाल पुढे करण्याच्या वचनाशी आलो आणि एका मुलाने विचारलं, "डोळ्यांदेखत कोणी दुबळ्याला मारत असेल तर शिष्याने हाताची घडी घालून बघत राहायचं?" पुढच्या वेळी बोलू म्हणालो. काय सांगू त्याला? गुळगुळीत उत्तर त्याला चालणार नाही, मलाही नाही.

उत्तर (साधी शिष्या):
बघत राहा असं प्रभूने कुठे सांगितलंय? त्या मुलासोबत योहान १८ वाचा. शिपाई आले तेव्हा येशू स्वतः पुढे झाला आणि म्हणाला, मला शोधत असाल तर यांना जाऊ द्या. शिष्यांना त्याने असं वाचवलं, स्वतः आडवा येऊन. आणि पेत्राने तलवारीने मल्खाचा कान छाटला, तो येशूने बरा केला, हे लूक सांगतो. पकडायला आलेल्या माणसाचा कान! मला या प्रसंगाने शिष्यत्व शिकवलं.

डर्क विलेम्सबद्दलही सांगा. नेदरलंड्समधला ॲनाबाप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणी स्वतःच्या विश्वासाने घ्यावा असं मानणाऱ्या पंथाचा; त्या काळी त्यासाठी कैद व्हायची. १५६९ साली कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. पाठलाग करणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि पकडला गेला. त्याला जिवंत जाळलं.

उत्तर (दुसरी बाजू):
डर्कने स्वतःचा जीव दिला, मान्य. पण मुलाचा प्रश्न दुसऱ्याच्या जिवाचा आहे. जर्मन पाळक बोनहोफर शांतीचा पुरस्कर्ता होता, तरी हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. आपण दोष पत्करतोय याची त्याला जाणीव होती. त्याला कमी प्रतीचा शिष्य म्हणायला माझी जीभ धजत नाही.

उत्तर (साधी शिष्या):
माझीही नाही. पण त्याच काळात फ्रान्समधल्या ल शांबों गावात पाळक आंद्रे त्रोक्मे, त्यांची पत्नी माग्दा आणि आसपासच्या लोकांनी हजारो निर्वासित लपवले, बहुतेक ज्यू. खोटी कागदपत्रं, रात्री दार ठोठावणाऱ्याला घरात जागा, पोलिसांनी ज्यूंच्या याद्या मागितल्या तर नकार. बंदूक नाही. किंमत मात्र पडली: आंद्रेंचे नातलग दानिएल आपण सांभाळत असलेल्या निर्वासित मुलांसोबत पकडले गेले आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मेले. हेही मुलापासून लपवू नका, नाहीतर अहिंसा म्हणजे हमखास जिंकायची युक्ती असं त्याला वाटेल.

अशी माणसं ऐनवेळी तयार होत नाहीत. तुमच्या गटात एकमेकांशी अबोला धरलेले कोणी आहेत का? तिथून सुरुवात करा. मत्तय १८:१५, आधी एकांतात जाऊन बोला.

शोधयात्री:
आहेत. एकाच प्रभुभोजनाला बसतात, नजर मिळवत नाहीत. त्यातला एक मीच. आणि त्याने ऐकलंच नाही तर?

साधी शिष्या:
मग सोळावं वचन. एक-दोघांना सोबत न्या, पण तुमच्या बाजूचेच नकोत.