सांगलीत खाऱ्या पाण्याची टाकी: पाणी आणि उन्हाळा

विश्रामबागेतल्या घरी बोअरचं पाणी चालेल का आणि मासे पहिल्याच आठवड्यात सोडता येतील का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीला माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन. आरओचंच घ्या. पण घरगुती आरओ यंत्रात बहुधा चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतात, तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा, शून्याजवळ हवा. मीठ मत्स्यालयाचंच, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाच्या मिठात मासे जगत नाहीत. पाणी आटलं की भर साध्या आरओ पाण्याचीच घाला, कारण मीठ टाकीतच राहतं.

खरी काळजी एप्रिल-मेची. पारा चाळिशीला टेकतो आणि टाकी २५-२६ अंशांवर हवी. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा टाकीबाहेर लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, परवडत असेल तर उत्तमच. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप घेतल्याशिवाय मासे आणूच नका, ही माझी कळकळीची विनंती.

पहिल्याच आठवड्यात मासे नकोत, कारण त्यांच्या मलमूत्रातून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले की हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेली क्लाउनफिश या छोट्या समुद्री माशांची जोडी सोडा. समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा समुद्रघोडे कुणी विकायला दाखवले तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्यांना संरक्षण आहे.

टाकी किती लिटरची घेताय? शंभरच्या खाली असेल तर जरा थांबा, लहान टाकीत क्षारता फार पटकन बदलते.