सासरची जर्मन पाळंमुळं कोणी खणलीयेत का? अनुभव लिहा

कुंपणावरची:
रविवारी आजेसासूबाई बटाट्याचे पॅनकेक तळता तळता म्हणाल्या, "आम्ही कसले जर्मन, आम्ही पोमेरेनियाचे." (म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचा प्रशियाचा जुना प्रांत.) नवरा बघतच राहिला. मला मात्र लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. अमेरिकेत मिलवॉकीला बाहेर गुडघाभर बर्फ, नोकरी करायला परवानगी नाही, आणि मी दिवसभर ह्यांच्या खापरपणजोबांच्या मागावर.

१८८० च्या अमेरिकन जनगणनेत जन्मस्थान प्रशिया (जुनं जर्मन राज्य), १९०० मध्ये तोच माणूस जर्मनीचा. मधली १८९० ची जनगणना बहुतेक सगळी १९२१ च्या आगीमुळे गेली. न्यूयॉर्कला उतरणाऱ्या प्रवाशांच्या बोटयादीत गावाच्या जागी नुसतंच 'जर्मनी'. शेवटी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराची यादी पावली, तिथे निघतानाच राहतं गाव लिहून घ्यायचे. गाव मिळालं, पोमेरेनियातलंच, पण १९४५ पासून ते पोलंडात, नकाशावर नाव भलतंच. म्हणजे म्हातारीचं बरोबर होतं!

तुमचेही किस्से येऊ द्यात.

बिनसाखर:
नशीबवान आहेस. आमचे ब्रेमेन बंदरातून निघाले. तिथे ठेवायला जागा नाही म्हणून जुन्या याद्या सरळ नष्ट केल्या. आम्हाला गाव सापडलं ते सिनसिनाटीच्या चर्चमधल्या मयताच्या नोंदीत. त्यात नवीनच भानगड. वेस्टफालियात (वायव्य जर्मनीत) शेतवाडी बायकोची असेल तर नवरा त्या वाडीचंच आडनाव लावायचा. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी! घरजावयांची परंपराच म्हणा ना. कुकर झाला, नंतर लिहिते.

मोडीवेडा:
नोंदी कुर्रेंट लिपीत (जुनं जर्मन हस्ताक्षर) असतील तर घाबरू नका. त्यातला ई हुबेहूब एनसारखा दिसतो, आणि यूच्या डोक्यावर बारीक चंद्रकोर असते, ती नसली तर तो बहुधा एन. आजोबांची मोडी दप्तरं वाचून डोळ्यांची सवय झालेली, त्यामुळे मला हे सोपं गेलं. आधी महिन्यांची नावं आणि 'बाप्तिस्मा', 'मयत' एवढेच शब्द ओळखायला शिका.

सूनबाई टेक्सास:
आमच्याकडे ठरलेली गोष्ट, "एलिस आयलंडच्या कारकुनाने आडनाव बदललं." अहो, एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र, उघडलं १८९२ ला, आणि हे लोक न्यू ब्राउनफेल्सला आले १८४५ मध्ये, टेक्सासच्याच किनाऱ्यावर उतरून! शिवाय कारकून बोटीवरून आलेली यादी पुढ्यात घेऊन बसायचे, नावं तिथे नव्याने लिहीत नसत. खरं कारण चुलतसासरे दोन बिअर पोटात गेल्यावर बोलले. पहिल्या महायुद्धात जर्मन आडनाव म्हणजे डोक्याला ताप, म्हणून बदललं. तेव्हा साउअरक्राउटलासुद्धा (आंबवलेल्या कोबीला) लिबर्टी कॅबेज म्हणत होते. त्यांची आई घरात शेवटपर्यंत टेक्सास जर्मन बोलायची. हे मात्र बोलतात फक्त शिव्या.

झोपाळू:
@सूनबाई, शिव्या लिहा ना 😂

आळूवडी:
थोडं अवांतर. आमच्या जर्मन जावयाला त्र्यंबकेश्वरी नेलं होतं. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, नामावळीची वही काढली, आणि माझ्या आजेसासऱ्यांची सही समोर! जावई म्हणाला, मी दोन वर्षं चर्चना पत्रं लिहितोय आणि तुमचं चहा यायच्या आत झालं? त्याला सांगितलं, बाबा, दक्षिणा वेगळी.

बिनसाखर:
आळूवडी 🤣 आमच्या सासूबाईंना नेते आता.

झोपाळू:
ते पॅनकेक कसे करतात? माझे तव्यावर सुटतात.

कुंपणावरची:
बटाटा किसून फडक्यात घट्ट पिळून घे, कांदा, एक अंडं, चमचाभर मैदा, आणि तेलात कंजुषी नको. सोबत सफरचंदाचा सॉस. मी गुपचूप हिरवी मिरची घालते.
@मोडीवेडा, पोलंडच्या अभिलेखागारातून स्कॅन आलाय, एका ओळीत तीन 'योहान' आहेत. सगळ्यांचं पहिलं नाव तेच, हाक मारायचं नाव पुढे कुठेतरी. व्यक्तिगत निरोपात पाठवते, बघाल का?

मोडीवेडा:
पाठवा. ज्या नावाखाली रेघ असेल तेच बहुतेक हाकेचं. आज मुलाचा पेपर आहे, रात्री बघतो.