प्रतिसाद: 'कोर्ट'मधे कॅमेरा हलतच नाही

वर कोणीतरी लिहिलंय की चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' हा पिक्चर घरी बघताना अर्ध्या तासात झोप लागली, कॅमेरा हलतच नाही. नाही हलत हे खरंय, आणि स्लो तर आहेच, पण मोबाईलवर दीडपट स्पीडने बघितला तर काय उरणार त्यात? आम्ही ऐरोलीत हॉलमधल्या टीव्हीवर रविवारी दुपारी लावला होता, पंधरा मिनिटांनी बाबा घोरायला लागले, आई मात्र भाजी निवडत पूर्ण बघत बसली.

तिला आवडली ती सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णीने केलेली. गाण्यातून आत्महत्येला चिथावणी दिल्याचा खटला ज्याच्यावर चालू असतो त्या शाहिराला कोर्टात आत टाकायच्या मागे लागलेली, आणि कोर्ट सुटल्यावर लोकलमधे खाण्यापिण्याच्या गप्पा मारत घरी येऊन सरळ स्वयंपाकाला लागते. आई म्हणे, ही तर आपल्या ठाण्याच्या लेडीज डब्यातलीच कोणीतरी. मग तीच बाई फॅमिलीला घेऊन नाटकाला जाते आणि तिथे परप्रांतीयांवरच्या डायलॉगला हॉलभर टाळ्या, तिथे मी जाम अस्वस्थ झालो, आणि हे सगळं कॅमेरा एका जागी गप्प ठेवूनच. शेवट मात्र मला ताणलेला वाटला, कोर्टातले दिवे बंद होतात तिथेच संपवायला हवा होता, त्यानंतर जज्जची पिकनिक कशाला? (स्पॉयलर झाला, सॉरी, पण २०१४ चा पिक्चर आहे राव.)